माझ्या कादंबरीतला पाऊस चुकलाय

मंडळी, अद्भुत कादंबरी कशी लिहावी यावर तुम्ही सुचवलेली सगळी पुस्तकं वाचली. तरी आज पार गोंधळलोय.

दुपारी जामखेडला आत्याला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. शापित राज्यात पाऊस नाही. प्रजा डोंगर फोडते, जहाजातून आलेलं लाल धान्य खाते. शेवटी पाऊस येतो आणि सगळे नाचतात.

आत्या म्हणाली, "हे तर बहात्तर साल हाय. आमी खडी फोडली, लाल मिलो ज्वारी खाल्ली. पन नाचलो न्हाई. पाऊस आला अन् दुष्काळी काम बंद झालं, रोजची मजुरी गेली. पीक लई लांब हुतं. मी भर पावसात रडले."

मी रचलेल्या राज्यात आत्या आधीच राहून आलीय. आता तुमच्या यादीतलं कुठलं पुस्तक उघडू?