क्रांतीनं सोडलेला विषय

पवित्राला विषय सुचत नव्हता आणि क्रांतीला सुचायचा थांबत नव्हता. दुखणं सगळं तिथंच होतं.

दोघी कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. क्रांती उचगावची. रोज स्कूटीवरून यायची आणि वर्गात तिच्या आधी तिचा आवाज शिरायचा. पवित्रा इचलकरंजीची, हॉस्टेलवर राहणारी. घरात कन्नड, बाहेर मराठी; आईला ती अव्वा म्हणायची. तिचे अप्पा, चनबसाप्पा, यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला होते. पवित्रा मात्र "वडील टेक्स्टाइलमध्ये आहेत" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची.

वर्गात पवित्रासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. तरी राजवर्धन सर थांबायचे ते क्रांतीच्या टेबलापाशी. हे तिला पहिल्या वर्षापासून सलत होतं, आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आला तेव्हा ते सलणं ठसठसायला लागलं. सगळं वर्ष एका संकल्पनेवर उभं राहणार होतं.

पवित्रानं आधी कोल्हापुरी चप्पल नेली. सर म्हणाले, "दरवर्षी चौघंजण चप्पल आणतात. झिजली आता ती." मग तिनं गुळाचं पॅकिंग काढलं. सरांनी स्केचेस नीट बघितली, कौतुकही केलं आणि विचारलं, "पण हे तू का करणार? गूळ तुझा कोण लागतो?"

तिनं स्केचेस गुंडाळली.

त्याच दुपारी कँटीनमध्ये कटवडा खाताना ती सगळ्यांना हसवायला म्हणून सांगत होती, "आमचे अप्पा घरातबी हातानंच बोलत्यात. शेडमध्ये मागांचा एवढा खडखडाट, कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाय. चहा पायजे तरी हात, अव्वावर चिडले तरी हात."

सगळे हसले. क्रांतीनं मात्र वडा तसाच खाली ठेवला. "पवे, हे लई भारी हाय की. मी करू ह्याच्यावर?"

"कर की," पवित्रा म्हणाली. त्यात करण्यासारखं काय आहे, हेच तिला कळलं नव्हतं.

सोमवारी क्रांती सरांपुढं उभी राहिली. शेडमध्ये ओडिशाचे, बिहारचे, कर्नाटकातले कामगार. भाषा निराळ्या, त्यात आवाज. पण हाताच्या खुणा सगळ्यांच्या एकच. त्या खुणांवरून चित्रं करायची, चित्रांचे फलक करायचे: माग थांबव, धागा तुटला, इथं हात घालू नको. सर इतके खूश झाले की शेजारच्या वर्गातल्या मॅडमना बोलावून आणलं.

पवित्राचे कान तापले. कँटीनमधली ती दुपार सोडली तर ज्या शेडचं नाव तिनं चार वर्षं ओठांवर येऊ दिलं नव्हतं, तिच्यावर ही पोरगी वाहवा मिळवत होती. जिन्यावर तिनं क्रांतीला गाठलं.

"माझ्या अप्पांवर तू नंबर काढणार व्हय?"

क्रांती बघतच राहिली. "अगं, तुला इचारलंतं की मी."

"इचारलंस म्हणून काय झालं?"

"मग घे तू. तुझंच हाय ते. मी दुसरं बघतो."

आणि ती खरोखर सरांकडं गेली, सांगून आली आणि भूक लागली म्हणून वडापाव आणायला निघून गेली. भांडण होईल म्हणून पवित्रा कंबर कसून उभी होती. भांडणच झालं नाही. एवढा विषय हातात आला, पण क्रांतीनं तो इतक्या सहज सोडला याचाच तिला जास्त राग आला.

पवित्रानं कागदावर हात काढले. लांबसडक बोटं, नितळ नखं, एकेक रेघ तोलून. सरांनी विचारलं, "हे हात कुणाचे?"

तिनं कागद स्वतःकडं ओढला.

"मीच सांगतो. गुगलचे."

आणि त्याच आठवड्यात क्रांतीचा नवा विषय आला. चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात तसेच फ्लेक्स. गॉगल, सोन्याची चेन, खाली शुभेच्छुकांची रांग. पण फोटो कुणाचे, तर ज्यांचा फ्लेक्स कधी लागलाच नाही त्यांचे. घंटागाडीवरचे गुंडूमामा, भाजीवाल्या चिमणाबाई. गॉगल घालून, एक बोट आभाळाकडं केलेल्या चिमणाबाई बघून वर्ग लोळायचा बाकी राहिला. पवित्राही हसली, कारण हसली नसती तर दिसलं असतं. मनात मात्र म्हणाली, हेपण हिलाच का दिसतं?

शनिवारी ती घरी गेली आणि म्हणाली, "अप्पा, मला शेडमध्ये न्या."

"तिथं काय करणार तू? कानठळ्या बसतील."

"बसू देत."

लहानपणी डबा घेऊन जायची, त्यानंतर ती शेडच्या दारातही गेली नव्हती. आत गेल्यावर खडखडाट छातीत शिरला. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. थोड्या वेळानं तिला अप्पा दिसले. समोरच्या मागावर ओडिशाचा एक कामगार होता, त्याच्याशी त्यांचं काहीतरी जोरात चाललं होतं. दोघांचे हात भराभर चालत होते. त्यानं काहीतरी खूण केली आणि अप्पा मान मागं टाकून हसले. असे हसलेले अप्पा तिनं घरात कधी पाहिले नव्हते. वर्षभरात तिच्याशी बोलले नसतील एवढं ते त्या परक्या माणसाशी पाच मिनिटांत बोलले होते. क्रांतीवर जळणं तिला ठाऊक होतं; हे जळणं नवीन होतं.

मग ती दर रविवारी शेडमध्ये जाऊ लागली. जाड पेरांचे, तेलानं काळे झालेले, नखं तुटलेले हात तिनं काढले. चुकीची खूण काढली की अप्पा आणि तो ओडिशाचा माणूस दोघं मिळून तिला हसायचे. हळूहळू तीही हसायला लागली.

प्रदर्शनात क्रांतीचा पहिला नंबर आला, पवित्राचा दुसरा. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोबत अव्वा आणि शेडचे मालक पिराजीशेठ. पवित्राच्या फलकांपुढं अप्पांनी एकेक खूण नीट बघितली. मग क्रांतीच्या फ्लेक्सपुढं गेले आणि मोठ्यानं हसून, इकडं येऊन बघ म्हणून अव्वाला हाक मारली, "इल्ली बा, नोड!" तिच्या फलकांपुढं त्यांनी अशी हाक मारली नव्हती; ती पवित्राला बरोबर लागली.

तेवढ्यात क्रांती आली. "पवे, ते हात बघून काटा आला बघ अंगावर. मी केलं असतं तर पार माती झाली असती."

पवित्रानं तिच्या चेहऱ्यावर खोट शोधली. सापडली नाही. दुसरीचं काम बघून हिचं काहीच कसं जळत नाही? नंबरापेक्षा, फ्लेक्सपेक्षा तिला ह्याचाच हेवा वाटला.

"तुझंबी चांगलं झालंय," ती म्हणाली.

जाताना पिराजीशेठ म्हणाले, "पोरी, तुझे फलक आपल्या शेडला पायजेत. आणि ती गॉगलवाली कुणी केली? आमच्या मंडळाला असलं काम करून घ्यायचंय. फोन नंबर हाय काय करणाऱ्याचा?"

"न्हाय," पवित्रा म्हणाली.

शेठ "बरं" म्हणून बाहेर पडले. अप्पांनी तिच्याकडं एकदा पाहिलं. सुट्टीत तासन्‌तास ती क्रांतीशीच फोनवर बोलायची, हे त्यांना माहीत होतं.

पवित्रा धावत फाटकापर्यंत गेली. शेठ गाडीत बसत होते.

"शेठ, हाय नंबर. घ्या लिहून."

नंबर देऊन मन हलकं झालं असं काही नाही. उलट एकेक आकडा सांगताना जड जात होता. पण तिनं शेवटपर्यंत सांगितला, आणि शेठनी चुकीचा लिहिला तेव्हा दुरुस्तही करून दिला.