शेतांची खोटी नावं

"पिशवी उघड."

उधव्याजवळच्या त्या पाड्यावर कोणीही गेलं, की सगळे ज्यांना बाबा म्हणत ते म्हातारे शेतकरी कुंपणाशीच अडवून हे म्हणायचे. चोर समजून नाही हो. आत मोजायची टेप आहे का, ते बघायचे. मी अंगणवाडीची बाई, बारा वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोरची. तरी पोरांचं कुपोषण बघायला दंडाला लावायची माझी रंगीत पट्टी ते काढून घ्यायचे आणि निघताना परत द्यायचे. "आज पोराचा दंड मोजशील, उद्या माझा बांध." मी जाम चिडायचे. शेवटी पोरांनाच कुंपणाबाहेर बोलावून मोजायला लागले.

असा संशयी माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण यांच्या संशयाला कारण होतं. काही वर्षांपूर्वी एक वहीवाला आला, गोड बोलला, चहा प्याला आणि कुठल्या तुकड्याला काय म्हणता ते विचारून गेला. बाबांच्या शेताचे पाच तुकडे, प्रत्येकाला जुनं नाव. त्यांनी हौसेनं सगळी सांगितली. पुढे रस्त्यासाठी नोटीस आली, त्यात त्यांच्याच तोंडचं एक नाव. ओढ्याकडचा तुकडा अर्धा गेला. नावं न सांगणाऱ्यांचीही जमीन गेली, हे मी किती वेळा समजावलं असेल! ते एकच म्हणायचे, "माझ्या तोंडानं गेली."

अशात ती जपानी मुलगी आली. तिच्या कॉलेजात म्हणे आपल्याकडच्या भाषा आणि चालीरीती शिकायची चार वर्षांची डिग्री असते. पाड्यावर हसून हसून पुरेवाट झाली. तलासरीच्या बाजारात मराठी, वापीला कामावर गुजराती, घरात आपली बोली. मग आम्ही सगळे पदवीधरच की! हसून झाल्यावर मात्र कुजबुज सुरू झाली. वही घेऊन आली म्हणजे मागून मोजणीवाले येणारच. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यात तिच्या शेवटच्या वर्षाच्या निबंधाचा विषय काय, तर शेतांची नावं. झालं! तिचं मराठी पुस्तकातलं आणि बाबांचं कुठल्याच पुस्तकात नसलेलं, म्हणून सरपंचांनी मधे मला जुंपलं.

बाबांनी तिची पिशवी दोनदा उपसली. टेप सापडली नाही. मग त्यांनी एकेका तुकड्याकडे बोट दाखवून भराभरा नावं सांगितली. पहिलं ऐकूनच मी चमकले. ते त्यांच्या मेलेल्या बैलाचं नाव होतं. पुढची चार मेव्हण्यांची. ती बिचारी मान खाली घालून लिहीत होती, आणि मी गप्प बसले. गप्प बसले याची मला आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी ती निघाली, तेव्हा बाबांच्या पाया पडली. म्हणाली, या निबंधावर माझी डिग्री आहे, तुमच्यामुळे झालं. बाबांचा चेहरा पार उतरला.

त्यानंतर ते मला दिसतील तिथे गाठायचे. खोटी नावं लिहिली तर पोरीला नापास करतात का? घरचे रागावतील का? मी म्हटलं, खरी सांगून टाका, मी कळवते. हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणायचे. खरी नावं दिली तर उरलेली जमीन जाईल, नाही दिली तर पोरीची चार वर्षं जातील. माणूस धड जेवेना.

शेवटी एका दुपारी, पोरांची खिचडी चालू असताना, ते अंगणवाडीत येऊन बसले. "लाव फोन." मी लावला. पडद्यावर ती दिसताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पोरी, मी खोटी नावं सांगितली."

"आजोबा, मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या घरच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं."

तिनं निबंधात एकही नाव घातलं नव्हतं. नावं सांगितल्यामुळे जमीन गेली असं मानणारा माणूस ती नावं कशी लपवतो, तेवढंच लिहिलं होतं, तेही गावाचा उल्लेख न करता. आणि ती पास झाली होती. बाबांनी ऐकून घेतलं, बराच वेळ नाक पुसलं आणि म्हणाले, "परत ये. खरी सांगेन. पण वही आणू नको."

घरी जाऊन मात्र त्यांनी बायकोशी आठ दिवस अबोला धरला.

ती परत आली, यंदाचं भात झोडून झाल्यावर. बाबा जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तिनं वहीशिवाय, रिकाम्या हातांनी आजींसमोर मान झुकवली. आजी उठल्या आणि आम्हा दोघींना बांधावर घेऊन गेल्या. एकेका तुकड्यापाशी थांबून त्यांनी खरं नाव सांगितलं. चार झाली. ती मुलगी ओठातल्या ओठात म्हणत पाठ करत होती.

ओढ्याकडच्या अर्ध्या तुकड्यापाशी आजी थांबल्या. पलीकडे रस्त्यावर ट्रक चालले होते.

"ह्या जमिनीचं जुनं नाव कागदावर गेलं ना," त्या म्हणाल्या. "म्हणून उरलेल्या अर्ध्याला त्यानं नवं ठेवलं. रोज सकाळी इथं येऊन हाक मारायचा तिला. काय म्हणून, ते मलापण नाही सांगितलं."