आप्पांनी मोजलेली खाडी

समजा, तुम्हाला बेंबळीहून खाजणवाडीला जायचंय. खाजणवाडी म्हणजे देवगडच्या बाजूची, खाडीपलीकडची चाळीसेक घरांची मासेमारांची वस्ती. सकाळच्या एसटीनं धाराशिव गाठायचं, तिथून सोलापूर, पुढं कोल्हापूर. रात्र कोल्हापुरात काढायची. दुसऱ्या दिवशी गगनबावड्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात. देवगडला मुक्काम करायचा. तिसऱ्या दिवशी पहिली गाडी तुम्हाला एका फाट्यावर सोडते. तिथून तांबड्या मातीची पायवाट उतरणीला लागते आणि खाडीच्या काठाशी संपते. पुढं रस्ता नाही, होडी आहे. ती कधी सुटते, हे मात्र कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.

कल्याणप्पा असेच एका रविवारी सकाळी सातला त्या काठावर येऊन उभे राहिले. वय चौसष्ट. हातात बायकोनं, उमादेवींनी, बांधून दिलेली कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि शेंगापोळ्या. बेंबळीजवळच्या एका लहान तलावावर त्यांनी एकतीस वर्षं पाणी मोजलं होतं. रोज सकाळी आठला सांडव्यापाशी जायचं, मोजपट्टीवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा. लग्नाच्या दिवशीसुद्धा आकडा लिहून मगच बोहल्यावर चढले, असं गावात अजून चेष्टेनं सांगतात.

त्यांची धाकटी शिवकांता खाजणवाडीच्या शाळेत चार वर्षांपासून एकटी शिक्षिका होती. यंदा तिला आपल्या जिल्ह्यात बदली मागता येणार होती आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. फोनवर ती नुसतं "बघू, आप्पा" म्हणायची. बघू म्हणजे नाही, हे बापाला कळत होतं. थोरला अमरनाथ पुण्याला गेला तो गेलाच, आता फोनवरच भेटतो. ही तरी परत यावी म्हणून आप्पा अर्ज समोर बसून भरून घ्यायला निघाले होते.

काठावर येऊन बघतात तर खाडीत पाणीच नाही. नजर पोचेल तिथवर काळा चिखल, मधोमध ओहोळाएवढी धार. सात-आठ होड्या कलंडून पडलेल्या. आप्पांना आपलं तळं आठवलं. मोठ्या दुष्काळात त्यांच्या तळ्याचा तळ असाच उघडा पडला होता. त्या वर्षी वहीत त्यांनी ओळीनं शंभरावर शून्यं लिहिली होती.

होडीवाला एका माडाला टेकून विडी ओढत बसला होता. आप्पा त्याच्याजवळ गेले आणि मयताच्या घरी बोलावं तसं हळू म्हणाले, "कधी आटलं हो?"

"आटूक नाय, बाबानू," तो म्हणाला. "भायर गेलाहा. येतला परत."

माणूस दुःखानं काहीबाही बोलतोय, असं आप्पांना वाटलं. एवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या काठावर पिवळी ओढणी हलत होती.

"आप्पा, दिसलात मला तुम्ही! चिखलात पाय घालू नका, मांडीपर्यंत जाल. दहा वाजेपर्यंत थांबा."

"दहाला काय टँकर येनार हाय का?" आप्पा तापले. "शिवे, हितलंबी पाणी संपलं. आता तर ऐकशील? चल घरी."

ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "तुम्ही आयुष्यभर पाणी मोजलंत ना? मग मोजा. मी इथंच बसते."

मोजा म्हटल्यावर आप्पांना राहवेना. त्यांनी झावळीचा एक दांडा उचलला, विती मोजून दगडानं खुणा केल्या आणि काठाशी उभं राहून, हात पोचेल तिथं चिखलात रोवला. होडीवाल्यानं विडी विझवली. "सरकारी माणूस दिसतास!"

आठ वाजता पाणी पहिल्या खुणेला लागलं. आवाज नाही, लाट नाही. वर आभाळात ढगाचा ठिपका नाही. नऊला तीन विती. आप्पा उकिडवे बसले ते हललेच नाहीत. कलंडलेल्या होड्या, बसलेलं जनावर उठावं तशा, एक बाजू उचलत उभ्या राहायला लागल्या. दहाला पाच विती. आप्पांच्या तळ्याला एवढं उतरायला सबंध उन्हाळा लागायचा, आणि चढायला कधीकधी दोन पावसाळे.

"शिवे," ते फोनवर ओरडले, "पाच विती! कुणी सोडलं गं हे? वर धरण हाय का?"

"न्हाय, आप्पा. समुद्राचं आहे. रोज दोनदा येतं, दोनदा जातं."

"रोज?"

"रोज."

आप्पांनी हात जोडले. शिवशिव म्हणाले.

होडीतून उतरल्यावर ते शाळेत गेलेच नाहीत. धक्क्यावरच बसून राहिले. दीडच्या सुमाराला पाणी पुरुषभर चढून टेकलं, आणि बघता बघता उतरायला लागलं. शिवकांतानं तिथंच भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली. दुपार कलली तसं तिनं फोन पुढं धरला. अर्ज उघडा होता.

"साडेचार झाले. मला अजून दोन वर्षं इथं राहायचंय, आप्पा. पण तुम्ही तीन दिवस गाड्या बदलत आलात. तुम्ही म्हणाल तसं."

आप्पांनी फोनकडं बघितलं, मग खाडीकडं. सकाळचा चिखल पुन्हा डोकं काढत होता. या वेळी त्यांना दुष्काळ आठवला नाही.

"सुट्टीला येत जा," ते म्हणाले. "अन् येतो म्हटल्यावर यायचंच. दादासारखं न्हाय."

"येईन."

"मग ठेव तो फोन."

तिनं ठेवला. पाच वाजून गेले. तिनं वाळूत गोल काढून पृथ्वी आणि चंद्र समजावून सांगितले. आप्पांनी सगळं नीट ऐकलं. पाणी कोण ओढतं, हे त्यांना पटलं. पण एकतीस वर्षं पाण्याचा हिशेब ठेवलेल्या माणसाचं तेवढ्यानं भागणार नव्हतं.

"ते व्हय गं," ते म्हणाले. "पर हितनं पाणी जातं तवा ते कुनाच्या तरी काठाला चढत असंल न्हवं? त्या वक्ताला तिथं कोन बसलेलं असतं?"