मैनाबाईची कारली

अकोटजवळच्या मैनाबाई माळणीने दातओठ खात चार वर्षे काढली होती. अमेरिकेतल्या लढाईपायी कापसाला सोन्याचा भाव आला, तसा खुशालराव पाटलाने तिचा बहरलेला भाजीमळा नांगरून कपाशी पेरली. जमीन त्याची, तिच्या घामाला कोण विचारतो? तिचा नवरा नत्थुजी नाल्याकाठच्या स्वतःच्या बरड तुकड्यावर नवी विहीर खणताना दगडाखाली सापडून मेला. पाटील दोन शब्द बोलायलाही फिरकला नाही.

इकडे पाटील फुगत गेला. एकेकाळी औतामागे चालणारा हा गडी आता बैलांच्या दमणीशिवाय देवळातही जाईना. सकाळी तुपातला शिरा, संध्याकाळी मोहाची दारू, दिवसभर लोड. शेवटी उजव्या बरगडीखाली जड दुखू लागले. देवीदास वैद्याने पोट दाबून सांगितले, यकृतावर चरबी चढली आहे. दारू-तूप सोडा, कारली, पालेभाज्या खा, नाहीतर जीवावर बेतेल. पण कपाशीच्या हावेपायी गावात भाजी उरलीच होती कुठे? उरली होती ती मैनाबाईने नत्थुजीची विहीर पुरी करून त्याच बरड तुकड्यावर उभ्या केलेल्या वाडीत.

मैनाबाईने निरोप धाडला, पाटलाने रोज दीड कोस पायी यावे, नत्थुजीच्या विहिरीतून चाळीस घागरी ओढून वाफ्यांना घालाव्यात, मगच कारली न्यावीत. मरणाच्या भीतीने पाटील आला. दोराने त्याचे तळहात सोलले, अन् ती बांधावर बसून डोळे भरून बघत राहिली.

दोन महिन्यांत पाटलाची धाप थांबली, पोट उतरले. भाजीला आलेल्या वैद्याला तिने विचारले, पाटील इतका बरा कशाने झाला?

"कारल्यानं थोडं, तुह्या विहिरीनं जास्त," तो म्हणाला. "चालून, घागरी ओढून चरबी झडून राहिली. दमून दिवेलागणीलेच झोपते, दारूची आठवण राह्यत नाही. पन त्याले वाटते, सारं कारल्याचंच."

मैनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याच्या विहिरीवर आपणच त्याला जगवत होतो! दुसऱ्या दिवशी तिने पाटलाच्या हातातला दोर काढून घेतला.

"लय झालं, पाटील. उद्यापासून चालत नका येऊ. कारली मी घरी धाडीन. तुमी लोडावर आराम करा. कडू लागली तं तूप घाला."

पाटलाचे डोळे पाणावले. "नत्थुजीच्या वेळी मी चुकलो, मैनाबाई. मले माफ कर."

चार वर्षे तिला हेच ऐकायचे होते. तिने एकवार विहिरीकडे पाहिले. मग वाड्यावरून त्याची दमणी बोलावली, हात धरून पाटलाला आत बसवले आणि कारल्यांची टोपली त्याच्या मांडीवर ठेवली.