तीस आधी की साठ

नववीनंतर माझी शाळा सुटली. भंडाऱ्याकडे भाताच्या गिरणीत पोती उचलता उचलता मोबाइलवर बघून जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकलो. सोलापुरात ज्या मॅडमनी मला कामाला घेतलं, त्यांनी शाळेचा दाखला मागितलाच नाही. त्याचे उपकार आजही वाटतात. तेव्हा त्याचीच धास्ती वाटायची, कारण सगळी पारख कामावरूनच होणार होती. "एवढं एक काम बघते, मग ठरवू," त्या म्हणाल्या होत्या. नाही जमलं तर परत गिरणी.

काम असं. टॉवेलच्या कारखान्यांमध्ये वजनाचा, धाग्यांचा हिशेब करणारा एक जुना प्रोग्रॅम चालायचा. लिहिणारे गृहस्थ केव्हाच परदेशी गेलेले, मूळ लिखाण कोणाकडेच नाही. उरली होती फक्त चालणारी फाइल, तीही प्रत्येक कारखान्यात जराशी वेगळी. सगळीकडे चालेल असा नवा प्रोग्रॅम मी लिहायचा; त्यानं त्या फाइलच्या आतल्या मेथडला, म्हणजे नेमून दिलेल्या एकेका कामाला, नावानं हाक मारून आकडे द्यायचे आणि उत्तर घ्यायचं. पण कुठे दोन आकडे लागत, कुठे तीन. म्हणून माझ्या प्रोग्रॅमनं चालता चालताच आधी विचारायचं, बाबा रे, तुला काय काय लागतं? जावात याला रिफ्लेक्शन म्हणतात. मला ते फार आवडलं. सोलापूरजवळ कुंभारीत घेतलेल्या खोलीवर रविवारीही मी तेच करत बसायचो. दुसरं बोलायला होतं कोण? शेजारी तेलुगू चालायचं. मी जिना चढलो की ती माणसं हसायची आणि दार लोटून घ्यायची.

पहिल्या कारखान्याच्या फाइलनं सांगितलं, दोन पूर्णांक. बस्स. कुठला कशाचा, ते नाही. तशी नावं तिच्यात ठेवलेलीच नव्हती. मी लांबी आधी दिली, साठ इंच, मग रुंदी, तीस. आमच्याकडे खाटेचं मापसुद्धा तसंच सांगतात. टॉवेलचं वजन अचूक आलं, मी खूश. लांबी-रुंदीची अदलाबदल झाली तरी वजन तेच येणार, हे डोक्यातच आलं नाही. त्याच क्रमानं ताण्याचा, म्हणजे रुंदीवर ठरणाऱ्या उभ्या धाग्यांचा, आकडा काढला आणि कारखान्यात पाठवून दिला.

दुपारी तिथलं विणकाम बघणाऱ्या मास्तरांचा फोन. "ओ साहेब, ह्यो टॉवेल हाय का मांडवाचं कापड? दुप्पट ताणा लिवलाय की!"

"तीस-साठचाच आहे," मी म्हणालो.

"मग तीस पयलं घालायचं की. हितं रुंदी पयली बोलतेत. कुठनं आलाय तुमी?"

सांगितलं.

"लई लांबनं! तरीच. अजून बीमवर ताणा गुंडाळला न्हाय, घाबरू नका."

फोन ठेवतो तोच मॅडमनी हाक मारली. मास्तर आधी त्यांच्याशीच बोलले होते. बॅग भरायची का, एवढंच माझ्या मनात.

"दोन आकडे लागतात हे फाइलनं सांगितलं. आधी कुठला, ते कोणाला विचारलंत?"

"कोणालाच नाही."

"का?"

"ओळख नव्हती."

"फाइलीशी तरी कुठे होती हो? उद्यापासून सकाळी मास्तरांजवळ बसा, मग इथे या. आणि डबा आणत जा. बाहेरचं किती दिवस खाणार?"

म्हणजे राहायचं होतं. संध्याकाळी भांड्यांच्या दुकानात गेलो.

"किती जणांचा देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"एकाचा."

त्यानं वरच्या फळीवरून सगळ्यात लहान डबा काढला, आत फुंकर मारली आणि पुसून माझ्या हातात दिला.