तोक्तोरबाय टायर निवडतो

तोक्तोरबायने उभ्या आयुष्यात हजारो मेंढ्या विकल्या, पण त्यातली एकही त्याची नव्हती. ओश शहरातल्या गुरांच्या बाजारात तो दलाल होता. विकणारा अडून बसला आणि घेणारा पाठ फिरवायला लागला की हा मध्ये घुसायचा. दोघांचे उजवे हात एकमेकांत अडकवायचा आणि खांदा निखळायची वेळ येईपर्यंत हलवत राहायचा. हात सुटत नाही म्हणून लोक सौदा करून मोकळे होत. दुसऱ्यांना मिनिटात निर्णय घ्यायला लावणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र ढिम्म. घराला कोणता रंग द्यावा याचा विचार करता करता त्याच्या भिंतींचा गिलावा पडला होता.

त्याची बायको अनारकान. तिची थोरली बहीण बुरुल डोंगरापलीकडे काझारमानला दिलेली. अनारकानच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती; बुरुल चार-पाच वेळा येऊन गेली, पण अनारकानने बहिणीच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. बंद गाडीत तिला पहिल्याच वळणाला ओकारी यायची. तोक्तोरबाय दरवर्षी म्हणायचा, "या उन्हाळ्यात नेतो तुला," आणि दरवर्षी त्याचा विचार चालू असतानाच खिंडीत बर्फ पडून रस्ता बंद व्हायचा. यंदा मात्र त्याने कमाल केली. एक घोडी आणि तिचं शिंगरू देऊन एका डच प्रवाशाची लांबच्या प्रवासाची दांडगी मोटारसायकल घेतली. डच माणूस घोडीवर बसून चीनच्या दिशेने गेला, त्याचं पुढे काय झालं कोणास ठाऊक. मोटारसायकलला दारं-खिडक्या नसल्यामुळे ओकारीचा प्रश्न मिटला. उरला फक्त टायरचा. दोन्ही टायर पार गोटा झाले होते.

तेव्हापासून तोक्तोरबाय रोज हमदाम उझबेकाच्या टायरच्या दुकानात जाऊन बसू लागला. टायर अंगठ्याने दाबायचा, हुंगायचा, घोड्याच्या जबड्यात डोकावावं तसा खाचांमध्ये डोकावायचा.

"वाटेत जलालाबादपर्यंत डांबर आहे," तो म्हणायचा. "हा जाड ठोकळ्यांचा तिथेच झिजून जाईल."

"मग सपाट घ्या, अका," हमदाम म्हणायचा. थोरल्यांना तो अका, म्हणजे दादा, म्हणे.

"आणि पुढे खडी लागली की सपाट घसरणार. मागे म्हातारी बसलेली असणार, काही विचार कर."

"मग हा निम्मा-निम्मा घ्या. डांबरावर चालतो, खडीवरही चालतो."

"म्हणजे दोन्हीकडे अर्धवट."

हमदामने कपाळाला हात लावला. "अका, मेंढी घेताना पण असंच करता?"

"मेंढी मी कधी घेतलीच नाही. लोकांना घ्यायला लावली."

खोड सगळी तिथेच होती. चाळीस वर्षं दोन्ही बाजूंनी बोलायची सवय. सकाळी तो सपाट टायरची अशी तारीफ करायचा की स्वतःलाच पटायचं, आणि दुपारी ठोकळेवाल्याची बाजू घेऊन स्वतःलाच हरवायचा. असा ऑगस्ट गेला, सप्टेंबरही निम्मा गेला.

इकडे बुरुलला फोनवर बोलताना धाप लागायला लागली होती. फोन ठेवल्यावर अनारकान ओट्यावर जाऊन बसून राहायची. ते बघून तोक्तोरबायला वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं, आणि मग तो उठून पुन्हा टायर बघायला जायचा.

शेवटी ती म्हणाली, "म्हाताऱ्या, शुक्रवारपर्यंत टायर आले नाहीत तर मी चालत निघते. आणि बुरुलला सांगते, नवरा वारला."

"काय झालं म्हणून सांगशील?"

"विचार करता करता गेला."

हे मात्र वर्मी लागलं. गुरुवारी सकाळी चहाचा घोट घेता घेता त्याने ठरवलं: निम्मा-निम्मा. ठरवल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की बाजारापर्यंतच्या वाटेत त्याने तिघांना विनाकारण मिठ्या मारल्या.

दुकानात एक लाल दाढीचा पोलिश मोटारसायकलवाला उभा होता. लेशेक त्याचं नाव. पामीरच्या डोंगरांकडे निघाला होता, मोडक्यातोडक्या रशियनमध्ये भाव करत होता. हमदाम खाली यायला तयार नव्हता, लेशेक वर चढायला तयार नव्हता. बघता बघता लेशेक पाठ फिरवून निघालाही.

आता पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक बघून तोक्तोरबाय स्वस्थ बसेल होय? झेप घेऊन त्याने लेशेकचा हात पकडला, दुसऱ्या हाताने हमदामचा ओढला आणि लागला हलवायला. "तू थोडा उतर. तू थोडा चढ. पामीरात टायर काय झाडाला लागतात? दे म्हणतो ना. घे म्हणतो ना." हमदाम काहीतरी सांगू बघत होता, पण हादऱ्यांमध्ये त्याला शब्द फुटेना. लेशेकने घाबरून होकार दिला. "बरकत होवो," म्हणत तोक्तोरबायने तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आणि फिरवता फिरवता त्याची नजर सौद्यातल्या टायरांवर गेली: निम्मे-निम्मे.

"दुसरी जोडी असेल ना रे?" त्याने हळूच विचारलं.

"तेच सांगत होतो, अका. शेवटची होती. आता महिन्याभराने."

तोक्तोरबाय तिथेच रिकाम्या पिंपावर बसला. खूप वर्षांनी त्याला रडावंसं वाटलं. दलालाला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. तेव्हा हमदामने लेशेकच्या गाडीचे उतरवलेले जुने टायर त्याच्या गळ्यात घातले. माप तेच होतं, एवढंच काय ते सुख.

तो तसाच घरी आला. अनारकानने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, चिडली नाही.

"हे निम्मे-निम्मेच आहेत ना?"

"आहेत. पण झिजलेले."

"तो माणूस यांच्यावर कुठून आला?"

"पोलंडहून."

"काझारमान किती लांब?"

"अडीचशे किलोमीटर."

अनारकानने टायर त्याच्या गळ्यातून काढून मोटारसायकलपाशी टेकवले आणि म्हणाली, "चढव."

शुक्रवारी सकाळी ते निघाले. खिंडीत एकदा मागचं चाक घसरलं तेव्हा तोक्तोरबायला वाटलं, सपाटच बरे होते. लगेच वाटलं, नाही, ठोकळ्यांचे. मागून पाठीत एक गुद्दा बसला आणि विचार थांबला.

संध्याकाळी बुरुलच्या दारात दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या, पोटभर रडल्या. बुरुलला धाप लागली तरी तिने हात सोडला नाही.

"एकतीस वर्षं काय करत होतीस गं?"

"हा टायर निवडत होता."

बुरुलने डोळे पुसले, दम खात खात मोटारसायकलपाशी गेली आणि वाकून दोन्ही टायर नीट निरखून पाहिले.

"आणि शेवटी हे निवडले?"