क्लबने न दिलेलं पत्र

बर्मिंगहॅमला आले तेव्हा माझा व्हिसा एका केअर एजन्सीच्या नावावर होता. नागपूरला मी अकरा वर्षं नर्स होते. इथे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, अंग पुसायचं, गोळ्या द्यायच्या. सकाळची पहिली व्हिजिट नव्वदी ओलांडलेल्या एका स्पॅनिश बाईंकडे असायची. स्पेनमधल्या यादवी युद्धात लहानपणी बोटीतून आलेल्या, त्या इथल्याच होऊन गेल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या.

मी त्यांच्या पायांत मोजे चढवायचे आणि त्या वडिलांबद्दल सांगायच्या. वडील शंभर वर्षांपूर्वी एका बंदराच्या गावात फुटबॉल खेळायचे. डावीकडून पळत, म्हणे, आणि बॉल असा वळवत की गोलकीपर नुसता बघत राही. आठवडाभर गोदीत काम, रविवारी मॅच. मग मोठ्या शहरातल्या क्लबने त्यांना बोलावलं. पण जुन्या क्लबने हरकत नसल्याचं पत्र दिल्याशिवाय जाता येत नसे. पत्राशिवाय गेलं तर आधी वर्षभर कुठेच खेळायचं नाही. जुन्या क्लबच्या अध्यक्षांनी पत्र दिलं नाही.

त्याच दिवसांत मला एका हॉस्पिटलच्या वॉर्डात नोकरी मिळत होती. ते व्हिसाचंही बघणार होते. फक्त एजन्सीचा रेफरन्स हवा होता. एजन्सीची मॅनेजर म्हणाली, सध्या माणसं कमी आहेत, स्प्रिंगनंतर बघू. मी आपणहून सोडलं तर व्हिसाची जबाबदारी घेणारा दुसरा स्पॉन्सर शोधायला थोडेच दिवस मिळणार, आणि नवरा आणि मुलगी माझ्याच व्हिसावर. घरी मी यातलं निम्मंच सांगितलं. बाईंना मात्र एका सकाळी सगळं सांगून टाकलं.

"मग तुमच्या वडिलांनी काय केलं?" मी विचारलं.

"दहा महिने न खेळता बसून राहिले. अकराव्या महिन्यात अध्यक्षांच्या दारात टोपी काढून उभे राहिले."

त्यानंतर ते त्याच क्लबकडून सात वर्षं खेळले. लोक खांद्यावर घेऊन नाचायचे. एकदा गावच्या बँडने त्यांना घरापर्यंत वाजवत आणलं होतं. गुडघा गेला तेव्हा थांबले.

"सुखात होते?"

"खेळताना असतील. मी पाहिलं ते नंतरचं. रविवारी दुपारी ते आम्हाला ग्राउंडच्या उलट्या बाजूला फिरायला न्यायचे. आई दमायची, तरी चालत राहायचे. लोकांचा आवाज ऐकू येईना झाला की मग बसायचे."

मी मॅनेजरला रेफरन्ससाठी पुन्हा लिहिलं, या वेळी ईमेलने. उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी वॉर्डातून फोन आला, त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं. बोलणारी बाई चांगली होती, दोनदा सॉरी म्हणाली. एजन्सीने व्हिसा वाढवायचे कागद पाठवले तेव्हा मी बसस्टॉपवर उभ्याउभ्या फोनवरच सही केली.

बाईंना हे सांगितलं तेव्हा मी त्यांचे केस विंचरत होते. त्यांनी मान वळवली.

"तुला राग आला?"

"खूप."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात तो फक्त आईला यायचा."

त्यांच्या वहीत व्हिजिट संपल्याची वेळ लिहून मी जिना उतरले. पुढच्या घरी एक आजोबा उठायचे खोळंबले होते.